बंदूक नसलेली टोळी: ‘ईस्टर्न प्रॉमिसेस’ इतका अंगावर का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चित्रपटाचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने डेव्हिड क्रोनेनबर्गचा २००७ सालचा ‘ईस्टर्न प्रॉमिसेस’ पाहिला. लंडनमधल्या रशियन माफियाची ही गोष्ट. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अख्ख्या सिनेमात बंदूक नाही, तरी भीती एवढी कशी वाटते? त्यातली टोळी खरी आहे की पटकथेसाठी रचलेली? आणि हमामखान्यातल्या त्या मारामारीत नेमकं काय जमलंय? त्याला स्वतःला मराठीत टोळीची गोष्ट लिहायची आहे, म्हणून हे सगळं विचारणं.

मी संकलक आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या कामात गुन्हेगारी कथांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे हा सिनेमा मी अनेकदा थांबवून, मागे नेऊन, आवाज बंद करून पाहिलेला आहे. शेवट उघड केल्याशिवाय बोलता येणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या, शंभर मिनिटांचा तर आहे.

माझं म्हणणं एकच आहे. परदेशात गेलेली टोळी टिकते ती आपल्याच लोकांच्या गप्प बसण्यावर. चाकू, पैसा, मारेकरी हे सगळं त्या गप्प बसण्याच्या राखणीला असतं. स्टीव्हन नाइटच्या पटकथेला हे पक्कं ठाऊक आहे. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींची मुळं तिथेच आहेत.

गोष्टीचा सांगाडा आठवून पाहा. चौदा वर्षांची गरोदर तात्याना औषधाच्या दुकानात रक्तबंबाळ होऊन कोसळते आणि बाळाला जन्म देऊन मरते. तिच्याजवळ रशियन भाषेत लिहिलेली एक डायरी सापडते आणि तिच्यात एका रेस्टॉरंटचं कार्ड. प्रसूतीच्या वेळी हजर असलेली ॲना (नेओमी वॉट्स) निम्मी रशियन आहे, पण तिला भाषा येत नाही. बाळाचे नातेवाईक शोधायला ती त्या रेस्टॉरंटवर जाते. मालक सेमिऑन तिचं प्रेमाने स्वागत करतो, स्वयंपाकघरात नेतो, हाताने केलेलं बोर्श्त, म्हणजे बीटचं सूप, चाखायला देतो आणि म्हणतो, डायरी आण, मीच वाचून सांगतो. ज्याच्याबद्दल त्या डायरीत लिहिलेलं आहे तो हाच.

पहिल्या वीसेक मिनिटांतच हा फास आवळला गेला आहे. कुणी धमकी दिलेली नाही, कुणी ओरडलेलं नाही. आर्मिन म्युलर-स्टाल या नटाने सेमिऑन असा उभा केलाय की त्याच्या घरी जेवायला जावंसं वाटावं. या नटाचा जन्म १९३० साली पूर्व प्रशियातल्या टिल्झिट गावचा, जे आज रशियात आहे. तरुणपणी तो व्हायोलिनवादक होता. सिनेमात सेमिऑन लहान मुलींना व्हायोलिन कसं धरायचं, गज कसा फिरवायचा ते दाखवतो, तेव्हा त्या हाताला सवय आहे हे कळतं. हॉवर्ड शोअरच्या संगीतातही एकट्या व्हायोलिनचा सूर पुढे आहे, निकोला बेनेडेट्टीने वाजवलेला. म्हणजे प्रेमळ आजोबाच्या हातातलं वाद्य आणि मेलेल्या मुलीच्या दुःखाचं वाद्य एकच. हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, पण आत कुठेतरी ते बोचत राहतं. सेमिऑनच्या स्वयंपाकघराच्या दृश्याइतकं भीतीदायक दृश्य मी टोळ्यांच्या सिनेमांत क्वचित पाहिलंय, आणि त्यात सगळ्यात मोठी हालचाल आहे ती चमच्याची.

आता बंदुकीचं. क्रोनेनबर्गने मुलाखतींत स्पष्ट सांगितलंय की पटकथेतच बंदुका नव्हत्या. लंडनच्या संदर्भात ते पटतंही. १९९६ साली स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. त्यामुळे तिथल्या गुन्हेगाराच्या हातात चाकू असणं स्वाभाविक ठरतं. पण दिग्दर्शकाला यातून मिळालं ते वेगळंच. गोळी लांबून मारता येते. चाकूने मारायचं तर समोरच्याच्या श्वासाजवळ जावं लागतं. सुरुवातीच्या न्हाव्याच्या दुकानातला खून पाहा. मारणारा पोरगा सराईत नाही, मतिमंद आहे, काकाच्या धाकाने वस्तरा चालवतोय. म्हणून तो गळा एका फटक्यात चिरला जात नाही. हात अडखळतो, पातं पुन्हा ओढावं लागतं, आणि कॅमेरा नजर वळवत नाही. मरण किती कष्टाचं काम आहे हे त्या काही सेकंदांत कळतं. त्यानंतर सिनेमा बराच वेळ रक्त दाखवत नाही, दाखवायची गरजच उरत नाही. दुसरा खून होईपर्यंत प्रेक्षक प्रत्येक टेबलावरच्या सुरीकडे बघत बसलेला असतो.

खुनाचे प्रसंग सगळे मिळून तीनच: न्हाव्याचं दुकान, स्मशान आणि हमामखाना. स्मशानातला खून चेल्सीच्या फुटबॉल सामन्याहून परतणाऱ्या गर्दीच्या आडोशाने होतो. पश्चिम लंडनचं ब्रॉम्प्टन स्मशान चेल्सीच्या मैदानाला खेटूनच आहे, आणि त्या काळी हा क्लब रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविचच्या मालकीचा होता, २००३ पासून. रशियन पैशाचं झगमगतं लंडन आणि कबरींमधलं लंडन यांच्यात फक्त एक भिंत. सिनेमा त्यावर एक अक्षर बोलत नाही. असं न बोलणं मला फार आवडतं.

चित्रीकरण २००६ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये झालं. त्याच नोव्हेंबरात रशियाचा माजी गुप्तचर अधिकारी अलेक्झांडर लित्विनेन्को याला त्याच शहरात पोलोनियम हे किरणोत्सारी विष पाजलं गेलं आणि २३ नोव्हेंबरला तो मेला. सिनेमाची गोष्ट आधीच लिहून झाली होती, त्यामुळे दोन्हींचा थेट संबंध नाही. पण २००७ साली तो थिएटरात पाहणाऱ्याला ही कल्पना अतिरंजित वाटण्याचं कारण उरलं नव्हतं.

हमामखान्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्यासारखे बरेच जण त्या प्रसंगाची फक्त धिटाई पाहतात. नायक निकोलाय झालेला विगो मॉर्टेन्सन त्यात पूर्ण नागडा आहे, चार मिनिटांच्या आसपास झुंजतो, आणि अंगावर येणारे दोघे कातडी जाकिटांत आहेत. त्यांच्या हातात फरशीवरचं लिनोलियम कापायच्या, वाकड्या पात्याच्या सुऱ्या. अशी सुरी पोलिसांनी पकडली तर ‘फरशीचं काम करतो’ म्हणून सुटता येतं, असं क्रोनेनबर्गने एकदा सांगितलं होतं. हत्यार निवडताना हा विचार करणारा दिग्दर्शक जग किती बारकाईने बघत असेल!

संकलनाच्या बाजूने बघा. त्या वर्षांत हॉलीवुडच्या मारामाऱ्यांची पद्धत अशी होती की शॉट सेकंदभर टिकत नाही, कॅमेरा हादरत राहतो, कुणाचा हात कुणाला लागला ते कळत नाही आणि ढोल वाजत राहतात. संकलक रोनाल्ड सँडर्स इथे याच्या उलट जातो. शॉट टिकतात. खोली कशी आहे, दार कुठे, कट्टा कुठे, ओली फरशी कुठे, हे पहिल्या काही क्षणांत डोक्यात बसतं आणि शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणून निकोलाय पाय घसरून पडतो तेव्हा मागचा माणूस किती पावलांवर आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि खरी भीती त्या माहितीतून येते. पार्श्वसंगीत नाही. ओल्या अंगाचा टाइल्सवर आपटल्याचा आवाज, बुटांची घसरण आणि धापा, एवढंच. मारामारीच्या दृश्यात संगीत काढून टाकायला निर्माते सहसा तयार होत नाहीत. ते काढल्यावर प्रेक्षकाला कुठेच आधार राहत नाही, आणि तेच तर हवं असतं.

पण तो प्रसंग उभा आहे तो त्याच्या अर्ध्या तासाच्या आत आधी घडलेल्या एका शांत दृश्यावर. निकोलाय टोळीचा ड्रायव्हर. त्याला बढती मिळणार असते. टोळीतले म्हातारे म्होरके त्याला चड्डीवर उभं करून त्याच्या अंगावरचं गोंदण वाचतात, तुरुंग कोणते, शिक्षा किती ते तपासतात. तो आईबापांना नाकारतो, मी पंधराव्या वर्षीच मेलोय असं म्हणतो. मग त्याच्या छातीवर आणि गुडघ्यांवर तारे गोंदले जातात. गुडघ्यावरच्या ताऱ्याचा त्या जगातला अर्थ, मी कुणापुढे गुडघे टेकत नाही. आणि हे तारे सेमिऑनने त्याला कशासाठी दिलेत? न्हाव्याच्या दुकानात मारल्या गेलेल्या माणसाचे चेचेन भाऊ सूड घ्यायला सेमिऑनच्या मुलाला, किरिलला, शोधत आलेत. त्यांनी किरिलला कधी पाहिलेलं नाही. छातीवर तारे असलेला माणूस हमामखान्यात बसलाय एवढंच त्यांना कळवलं जातं. ज्या मानचिन्हासाठी निकोलायने सगळं पणाला लावलं, तेच त्याच्या खुनाचं निशाण ठरतं. म्हणून नागडेपणा. अंगावर कपडे असते तर तारे दिसलेच नसते आणि कथा पुढे सरकली नसती. तुम्ही तुमच्या पटकथेत असा एखादा प्रसंग लिहाल तेव्हा स्वतःला विचारा: ही मारामारी काढली तर आधीचं कोणतं दृश्य निरर्थक होईल? उत्तर मिळालं नाही तर ती मारामारी नुसती सजावट आहे.

गोंदणाचा हा तपशील सिनेमात इतका खोल उतरण्याचं श्रेय मॉर्टेन्सनलाही जातं. तो रशियात एकटा फिरून आला, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, उरल. तुरुंगातल्या गोंदणावरचा एक माहितीपट आणि रेखाचित्रांचं पुस्तक त्याने दिग्दर्शकाच्या हातात ठेवलं आणि त्यानंतर पटकथेत गोंदणाची जागा वाढली. ती रेखाचित्रं दान्झिग बाल्दाएव या लेनिनग्राडमधल्या तुरुंगरक्षकाने १९४८ पासून पुढे कित्येक दशकं कैद्यांच्या अंगावरून उतरवून घेतलेली आहेत. या भूमिकेसाठी मॉर्टेन्सनला ऑस्करचं नामांकन मिळालं.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: ही टोळी खरी का?

मुळं खरी आहेत. स्वतःला ‘कायद्याने चालणारे चोर’ म्हणवणारी ही जमात सोव्हिएत छळछावण्यांत, १९२० आणि ३० च्या दशकांत तयार झाली. कायदा म्हणजे त्यांचा स्वतःचा. सरकारचं कोणतंही काम करायचं नाही, पोलिसांशी बोलायचं नाही, लग्न करायचं नाही, घरदार करायचं नाही, कमाईचा वाटा सामाईक कोषात टाकायचा. गोंदण म्हणजे त्या माणसाची सेवापुस्तिका, आणि न कमावलेलं चिन्ह कुणी अंगावर काढलं तर ते जबरदस्तीने खरवडून काढलं जाई. दुसऱ्या महायुद्धात काही जण लाल सेनेत लढायला गेले आणि परत छावणीत आले, तेव्हा सरकारची चाकरी केली म्हणून बाकीच्यांनी त्यांना गद्दार ठरवलं. त्यावरून १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून छावण्यांमध्ये जे रक्त सांडलं त्याने ती पिढीच मोडली.

सेमिऑन या नियमांत बसत नाही. त्याला मुलगा आहे, नातवंडं आहेत, चालता धंदा आहे, आणि गादी मुलाला द्यायची आहे. जुन्या चोरांनी त्याला आपलं मानलंच नसतं. पण १९९१ नंतरचा काळ लक्षात घेतला तर तो चुकीचाही ठरत नाही. तोवर ही पदवी पैसे देऊन विकत घेणारे निघाले होते आणि लग्न, बंगला, कंपनी हे सगळं चालू लागलं होतं. पटकथेने या विसंगतीचा फायदा उठवायला हवा होता असं मला वाटतं. निकोलायला आईबाप नाकारायला लावणाऱ्या खोलीत स्वतःच्या मुलासाठी दुसऱ्याचा बळी देणारा बाप बसलाय. ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि सिनेमा तिच्या शेजारून निघून जातो.

परदेशातल्या खऱ्या रशियन टोळ्यांची कमाई कशात होती ते पाहिलं तर आणखी एक फरक दिसतो. न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचमध्ये, जिथे १९७० च्या दशकापासून सोव्हिएत स्थलांतरित वसले, १९८० च्या दशकातला सगळ्यात मोठा धंदा इंधनावरच्या कराची चोरी हा होता. कागदावरच्या कंपन्यांची साखळी करायची, माल एकीकडून दुसरीकडे विकल्याचं दाखवायचं, कर भरायची वेळ येते तेव्हा ती कंपनी गायब. इटालियन माफिया त्यात गॅलनमागे आपला हिस्सा घेत असे. आणि व्याचेस्लाव इवान्कोव, टोपणनाव ‘यापोंचिक’, हा नावाजलेला चोर १९९२ मध्ये अमेरिकेत आला, तो १९९५ मध्ये पकडला गेला कशासाठी? रशियातूनच आलेल्या दोन व्यावसायिकांकडून लाखो डॉलरची खंडणी मागितली म्हणून. म्हणजे भक्ष्य पुन्हा आपलीच माणसं. २००४ मध्ये त्याला रशियात परत पाठवलं, २००९ मध्ये मॉस्कोत एका रेस्टॉरंटबाहेर त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि काही महिन्यांनी तो मेला.

परक्या देशात नवा आलेला माणूस पोलिसांकडे जात नाही. भाषा धड येत नाही, कागदपत्रं पक्की नसतात, गावाकडे म्हातारी आई असते आणि टोळीवाल्याला तिचा पत्ता माहीत असतो. हा हिशेब सगळ्या स्थलांतरित टोळ्यांना कळतो. १९९० च्या दशकात परदेशात बसून मुंबईतल्या बिल्डरांना आणि निर्मात्यांना फोन करणाऱ्यांनाही तो कळत होता. सिनेमात तात्याना या हिशेबाची बळी आहे. गाणं गायला मिळेल या आशेवर लंडनला आणलेली, नंतर डांबून ठेवलेली पोरगी.

या जमातीबद्दलची एक खरी हकिकत लेखकांनी जरूर लक्षात ठेवावी. जॉर्जियाने २००५ च्या डिसेंबरात असा कायदा केला की चोर ही पदवी धारण करणं हाच गुन्हा. मग पोलिसांनी थेट विचारायचं, तू चोर आहेस का? नियमानुसार खऱ्या चोराला नाही म्हणता येत नाही, नाही म्हटलं तर पदवी गेली. जे हो म्हणाले ते तुरुंगात गेले, बरेच जण देश सोडून रशिया आणि युरोपात पांगले. रशियानेही २०१९ मध्ये गुन्हेगारी जगातलं सर्वोच्च स्थान धारण करणं हा स्वतंत्र गुन्हा केला. ज्या नियमाने टोळी ऐंशी वर्षं एकसंध ठेवली, त्याच नियमाने तिला कोठडीत नेलं. टोळीची गोष्ट लिहायची तर आधी तिचा नियम शोधावा लागतो असं मी म्हणतो ते याचसाठी. नियम सापडला की तो कुणाला वाचवतो आणि कुणाला संपवतो ते बघायचं, त्यातच कथानक मिळतं.

सिनेमा मला कुठे कमी वाटतो तेही सांगतो. निकोलाय प्रत्यक्षात रशियन गुप्तचर खात्याचा माणूस आहे आणि लंडन पोलिसांना मदत करतोय, हे हमामखान्यानंतर उघड होतं. खुणा आधीपासून पेरलेल्या आहेत. किरिलच्या समोर त्याला एका वेश्येबरोबर झोपायला लावतात, तेव्हा तो तिला नाव, गाव विचारतो आणि निघताना हातात देवाचं चित्र ठेवतो. ॲनाच्या काकाला मारायचा हुकूम होतो, तर हा त्याला एडिनबराच्या पंचतारांकित हॉटेलात नेऊन लपवतो. हे दुसऱ्यांदा पाहताना फार सुंदर उलगडतं. पण तो पोलिसांचा आहे कळल्यावर त्याच्या पापाचं ओझं एकदम हलकं होतं, आणि मला ते हलकं व्हायला नको होतं. त्याने प्रेताची बोटं कापलीत, आणि त्या बंद खोलीत जे व्हायचं ते होऊ दिलंय. सिनेमा शेवटी त्याला सेमिऑनच्या रेस्टॉरंटात एकटा बसवतो आणि प्रश्न उघडा ठेवतो, एवढं मात्र बरं केलंय.

किरिलबद्दल लोक कमी बोलतात. व्हँसाँ कासेलने साकारलेला हा मुलगा दारुडा, बडबड्या, बापाच्या तिरस्काराखाली चिरडलेला आहे. पुरुषांवर प्रेम करतो आणि त्याच्या जगात ही गोष्ट कबूल करणं म्हणजे मरण. पहिला खून त्यानेच घडवलाय, याच अफवेमुळे. या सिनेमातला सगळ्यात दुःखी माणूस मला तोच वाटतो. नदीकाठी बाळाला हातात घेऊन उभा असतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खुनशीपणाचा मागमूस नसतो.

आणि तात्याना. ती सुरुवातीलाच मरते, पण डायरीतून तिचा आवाज अधूनमधून येत राहतो. हा आवाज तातियाना मस्लानी या अभिनेत्रीचा. सगळे मोठे पुरुष जिला गप्प करू पाहताहेत ती एकटीच या सिनेमात प्रथमपुरुषी एकवचनात बोलते, आणि शेवटी सेमिऑनला पकडायला पुरावा कशाचा? तिच्या बाळाचा तो बाप आहे हे सिद्ध करणाऱ्या रक्ताचा. चौदा वर्षांच्या मुलीवरचा बलात्कार. बाकी कशातही पोलीस त्याला हात लावू शकले नव्हते.

तुमच्या मराठी पटकथेसाठी म्हणाल तर गोव्याच्या किनाऱ्यावर रशियन टोळी आणू नका. तुम्हाला तिची भाषा येत नाही, तिचं स्वयंपाकघर माहीत नाही, आणि ते पडद्यावर लगेच कळेल. नाइटने याआधी २००२ मध्ये पडद्यावर आलेली एक पटकथा लिहिली होती तीही लंडनच्या एका हॉटेलात राबणाऱ्या स्थलांतरितांचीच. म्हणजे या शहराच्या मागच्या दाराने तो आधीही आत शिरलेला होता. तुम्हाला मागच्या दाराने कुठे जाता येतं? भाजी मार्केट, वाळूचा लिलाव, बांधकामाच्या साइटवरचा मजूर पुरवणारा मुकादम, जिथे कोण कुणापुढे का बोलत नाही हे तुम्हाला लहानपणापासून दिसलंय, तिथून सुरुवात करा. १९९९ च्या मोक्का कायद्याखालच्या खटल्यांचे निकाल वाचा. उच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर कुणालाही मिळतात. त्यांत टोळीची उतरंड, पैशाची वाट, फोनवरची भाषा सगळं साक्षीपुराव्यात नोंदलेलं असतं, आणि कोणता साक्षीदार कोणत्या दिवशी फिरला तेही. मी तरी माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाला आधी तो फिरलेला साक्षीदार शोधून आणायला सांगतो.